शुल्क गेले तरी कागद राहतोच: भारत आणि युरोपीय संघाचा व्यापार, कोल्हापुरातून पाहताना

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ओळखीच्या फौंड्रीत मध्यंतरी जर्मनीतल्या ग्राहकाकडून एक तक्ता आला. त्यात दराविषयी, वजनाविषयी किंवा ड्रॉइंगमधल्या मापांविषयी एकही प्रश्न नव्हता. एक टन कास्टिंग ओतताना किती कोक जळतो, भट्टी कोकवर चालते की विजेवर, पिग आयर्न, म्हणजे कच्चे लोखंड, कोणत्या कारखान्याकडून येते, चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत टाकायच्या मालात, भंगाराचे प्रमाण किती, असे त्याचे रकाने होते. मालक तीस वर्षे या धंद्यात आहेत. त्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि विचारले, "करार झालाय, ड्यूटी जाणार म्हणत्यात, मग हे आणि नवीन काय काढलंय?" त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते, कारण त्यासाठी आधी समोर बसलेला 'युरोप' म्हणजे नेमका कोण, हे पाहावे लागते.

कोल्हापूरच्या माणसाला युरोपीय संघ समजावणे तुलनेने सोपे आहे, कारण संघ ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली आहे. गावची दूध संस्था मुंबईच्या बाजारात स्वतः जाऊन दर ठरवत नाही. ते काम जिल्ह्याचा संघ करतो आणि त्याने ठरवलेले शाहूवाडीपासून चंदगडपर्यंतच्या संस्थांना लागू होते. युरोपीय संघातल्या २७ देशांनी परदेशी व्यापारापुरते असेच ठरवून घेतले आहे. जर्मनी किंवा फ्रान्स भारताशी स्वतंत्र शुल्ककरार करू शकत नाही. सर्वांच्या वतीने बोलण्याचा अधिकार ब्रुसेल्समधल्या युरोपीय आयोगाला आहे. त्यामुळे आपला कंटेनर रॉटरडॅमला उतरो, हॅम्बुर्गला उतरो की अँटवर्पला, त्यावरचे आयात शुल्क सारखेच असते आणि एकदा ते भरून माल आत गेला की पुढे देशादेशांच्या सीमेवर पुन्हा शुल्क भरावे लागत नाही. व्हॅट मात्र प्रत्येक देशाचा वेगळा असतो. सर्वसाधारण सभेतला गोंधळ दोन्ही संघांत सारखाच असावा; फरक एवढाच की युरोपात तो २४ अधिकृत भाषांत चालतो.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. बोलताना आपण लंडन, झुरिच आणि स्टुटगार्ट या तिन्ही ठिकाणच्या ग्राहकांना 'युरोपचे गिऱ्हाईक' म्हणतो, पण व्यापाराच्या कायद्यात ते तीन वेगळ्या घरांतले आहेत. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघातून बाहेर पडला आणि भारताने त्याच्याशी २४ जुलै २०२५ रोजी वेगळा करार केला. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिखटेनस्टाइन हे चार देश संघात नाहीत. त्यांच्या 'एफ्टा' या गटाशी झालेला भारताचा करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे. एका कराराखालचा मालाच्या मूळ देशाचा दाखला दुसऱ्या घरी चालत नाही, म्हणून बिलावरचा पत्ता पाहूनच पुढचे बोलावे.

भारताने या संघाशी राजनैतिक संबंध १९६२ मध्ये जोडले. तेव्हा तो युरोपीय आर्थिक समुदाय या नावाने ओळखला जात होता आणि त्यात सहाच देश होते; आपला जिल्हा दूध संघ त्याच्या पुढच्या वर्षी स्थापन झाला. १९९४ मध्ये सहकार्य करार झाला, जून २००० मध्ये लिस्बनला पहिली शिखर परिषद भरली आणि २००४ मध्ये 'सामरिक भागीदारी' असे भारदस्त नाव या नात्याला मिळाले. खरी परीक्षा मात्र २००७ मध्ये मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा लागली. युरोपला त्यांच्या मोटारी आणि वाइन यांवरचे आपले जबर शुल्क कमी करून हवे होते, तर भारताला आपले संगणक अभियंते आणि इतर व्यावसायिक तिकडे सुलभपणे काम करू शकतील अशी व्यवस्था हवी होती. दोन्ही बाजूंना दुसऱ्याची मागणी घरच्या राजकारणात पचणारी नव्हती आणि २०१३ मध्ये बोलणी थांबली.

व्यापाराची बोलणी केवळ व्यापारामुळे अडत नाहीत, याचा नमुना त्याच काळातला आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ एका इटालियन जहाजावरून झालेल्या गोळीबारात दोन भारतीय मच्छीमार मारले गेले आणि दोन इटालियन नौसैनिकांवर भारतात खटला उभा राहिला. भांडण एका देशाशी होते, पण त्याची सावली सगळ्या संघाशी असलेल्या संबंधांवर पडली. २०१२ नंतरची शिखर परिषद थेट २०१६ मध्ये भरली. संघाशी व्यवहार करण्यात ही एक गोम असतेच. एका सभासदाचे दुखणे सगळ्यांच्या बैठकीत येते.

मे २०२१ मध्ये बोलणी पुन्हा सुरू करण्याचे ठरले, जून २०२२ मध्ये ती प्रत्यक्ष सुरू झाली आणि २७ जानेवारी २०२६ रोजी नवी दिल्लीत ती पूर्ण झाल्याची घोषणा झाली. नऊ वर्षे अडलेले गाडे हलले ते दोघांचे प्रेम अचानक वाढल्यामुळे नव्हे, असे माझे मत आहे. चीनवरचे अवलंबित्व युरोपला महाग वाटू लागले होते, युक्रेनच्या युद्धाने जुनी गणिते मोडली होती, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावल्यावर भारतालाही दुसरे मोठे गिऱ्हाईक हवे होते. वस्तूंचा परस्पर व्यापार २०२४-२५ मध्ये सुमारे १३६ अब्ज डॉलरचा होता, म्हणजे नाते लहान नव्हते. मतभेद मात्र मिटलेले नाहीत. भारताच्या निर्यातीतला मोठा वाटा शुद्ध केलेल्या इंधनाचा आहे, आणि रशियन कच्च्या तेलापासून बनवलेल्या इंधनाची आयात बंद करण्याचा निर्णय युरोपने जुलै २०२५ च्या निर्बंधांत घेतला. एका हाताने करार आणि दुसऱ्या हाताने निर्बंध, असे हे चालते.

'वाटाघाटी पूर्ण' आणि 'करार लागू' यांत मोठे अंतर असते आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ते हरवते. मसुदा वकिलांच्या नजरेखालून जातो, संघाच्या सर्व अधिकृत भाषांत त्याचे भाषांतर होते, सदस्य देशांच्या परिषदेची मान्यता आणि मग सही होते, त्यानंतर युरोपीय संसदेची संमती लागते आणि भारतातही मंत्रिमंडळाची मंजुरी आवश्यक असते. डिसेंबर २०२० मध्ये युरोपने चीनशी गुंतवणूक करारावर तत्त्वतः सहमती केली होती. पाचच महिन्यांत युरोपीय संसदेने त्यावरचे काम गोठवले आणि तो करार आजही लागू नाही. म्हणून कोणी करार झाला म्हणून कर्ज काढून मशीन घ्यायला निघाला, तर त्याने लागू होण्याची तारीख आणि आपल्या मालाच्या एचएस कोडपुढे, म्हणजे सीमाशुल्काच्या वर्गीकरण क्रमांकापुढे, शुल्क किती वर्षांत शून्य होणार ते आधी पाहावे. सगळे शुल्क एकाच दिवशी जात नसते.

शुल्काचा फायदा सर्वांत सरळ दिसतो तो कापडाच्या धंद्यात. युरोपात बाहेरून येणाऱ्या तयार कपड्यांवर साधारण १२ टक्के, कापडावर ८ टक्के आणि सुतावर ४ टक्क्यांपर्यंत शुल्क आहे. बांगलादेशाला अल्पविकसित देश म्हणून ते भरावे लागत नाही, व्हिएतनामचा स्वतःचा करार ऑगस्ट २०२० पासून लागू आहे, आणि भारताच्या कापडाला पूर्वी विकसनशील देश म्हणून मिळणारी सवलत स्पर्धाक्षम ठरल्यामुळे कधीच गेलेली आहे. शर्टामागे शुल्काचे ओझे घेऊन पळणारा आणि मोकळा पळणारा यांची ही शर्यत होती. आता इचलकरंजीचे काय? तिथल्या मागांवर विणले जाणारे कोरे कापड बहुतेक वेळा थेट युरोपात जात नाही. ते प्रक्रिया होऊन तयार कपड्यांच्या कारखान्यांकडे जाते. त्यामुळे इचलकरंजीचा फायदा शुल्कातून कमी आणि 'मूळ देशा'च्या नियमातून जास्त येण्याची शक्यता आहे. कपडा भारतीय आहे असे मानण्यासाठी नुसती शिलाई पुरत नाही, विणकामही करार करणाऱ्या देशांतच झालेले असावे, असा युरोपचा कपड्यांच्या बाबतीतला नेहमीचा आग्रह असतो. चीनचे कापड आणून भारतात शिवलेला शर्ट मग सवलतीस पात्र ठरत नाही आणि शिवणाऱ्याला देशातल्या मागावरचे कापड घ्यावे लागते. या फायद्याला एक मुदतही आहे. बांगलादेश नोव्हेंबर २०२६ मध्ये अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडणार असे ठरलेले आहे, पण युरोप त्याची शुल्कमाफी त्यानंतरही तीन वर्षे चालू ठेवणार आहे.

साखरेबद्दल विचारणारे पुष्कळ भेटतात, त्यांना थोडक्यातच सांगावे लागते. बीटापासून साखर करणारे युरोपचे शेतकरी आपल्या ऊस उत्पादकांइतकेच राजकीयदृष्ट्या नाजूक आहेत. पांढऱ्या साखरेवर तिथे टनाला ४१९ युरो शुल्क आहे आणि नव्या करारातही हा विषय बाहेर ठेवला आहे. त्याच्या बदल्यात म्हणा हवे तर, भारताने दुग्धजन्य पदार्थ बाहेर ठेवले. दोन म्हशींच्या जिवावर घर चालवणाऱ्या आपल्याकडच्या उत्पादकासमोर डच किंवा डॅनिश चीज आणि दूध पावडर शुल्काविना उभी राहिली असती, तर काय झाले असते ते सांगण्यासाठी अर्थतज्ज्ञ लागत नाही.

गुळावर मात्र थांबले पाहिजे, कारण इथून शुल्काचा विषय संपतो आणि कागदाचा सुरू होतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले. गुऱ्हाळात रंग पिवळाधमक यावा म्हणून काही जण 'हायड्रोस', म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, वापरतात हे उघड गुपित आहे. मार्केट यार्डातल्या सौद्यात उजळ गुळाला चांगला भाव मिळतो, म्हणून ते घडते. युरोपात अन्नपदार्थात किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सल्फाइट असेल तर ते वेष्टनावर ॲलर्जीकारक घटक म्हणून लिहावे लागते आणि कोणत्या पदार्थात ते मुळात चालते याचीही बंधने आहेत. म्हणजे यार्डात जो रंग भाव वाढवतो तोच रंग युरोपच्या बंदरावर माल अडवू शकतो. द्राक्षवाल्यांनी हे आधी भोगले आहे: २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या संप्रेरकाचे अंश सापडल्याने महाराष्ट्रातली द्राक्षे युरोपात अडकली. मे २०१४ मध्ये फळमाशीमुळे आंब्यावर युरोपने बंदी घातली, ती जानेवारी २०१५ मध्ये उठली. या दोन्ही वेळी शुल्काचा प्रश्नच नव्हता. द्राक्षवाल्यांच्या व्यवस्थेत आज बागेची नोंदणी, फवारणीची वही आणि प्रयोगशाळेचा अहवाल एकमेकांना जोडलेले असतात; गुऱ्हाळांच्या बाबतीत तशी साखळी अजून उभी राहिलेली नाही.

चपलेची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आणि माझ्या मते सर्वांत रंजक आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्याच चपला सादर केल्या आणि त्यात कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. टीकेनंतर कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी सामंजस्य करार केला. त्या दिवसांत बिंदू चौकापासून चप्पल लाईनपर्यंत एकच सवाल होता: आपल्याला जीआय आहे, मग त्यांना रोखता का येत नाही?

याचे पहिले कारण असे की जीआय नोंदणी ज्या देशात झाली त्याच देशात चालते. कोल्हापुरी चपलेची २०१९ ची नोंदणी भारतीय कायद्याखालची आहे; तिच्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, पण इटली नाही. दुसरे कारण असे की जीआय नावाचे रक्षण करतो, घाटाचे नाही. 'कोल्हापुरी' हे नाव न वापरता तसाच अंगठा आणि तसेच पट्टे कोणी बनवले तर जीआयचा कायदा फारसा कामाला येत नाही. तिसरे कारण कमी जणांना माहीत आहे. संघपातळीवर नोंदणीची सोय युरोपात बराच काळ केवळ खाद्यपदार्थ, वाइन आणि मद्य यांच्यासाठी होती. दार्जिलिंग चहाला तिथे २०११ मध्ये संरक्षण मिळाले ते त्याच वाटेने. म्हणजे कोल्हापुरी गुळाला दार होते, चपलेला नव्हते. हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंसाठीचा युरोपचा नवा नियम १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला असून स्पेनमधल्या अलिकांते येथील बौद्धिक संपदा कार्यालयाकडे संघाबाहेरच्या उत्पादकांनाही अर्ज करता येतो. भारत आणि संघ यांच्यात भौगोलिक मानांकनांसाठी व्यापार कराराहून वेगळा करार बोलण्यात आहे. त्याची वाट पाहत बसण्यापेक्षा हे दार आधी ठोठवावे, असे मला वाटते.

चपलेच्या बाजूने एक जमेची गोष्टही आहे. कातड्याच्या वस्तूत क्रोमियमचा 'सहा' हा घातक प्रकार किलोमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असा युरोपचा नियम मे २०१५ पासून आहे. जगातले बहुतेक कातडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते, पण खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची असते. जी पद्धत कालबाह्य म्हणून आपण मागे टाकत आलो ती तिथल्या नियमात अनायासे बसते. अट एवढीच की तसा चाचणी अहवाल चपलेबरोबर जावा. आणि पट्टे व अंगठा असलेल्या चामडी तळव्याच्या चपलेसाठी जागतिक सीमाशुल्क वर्गीकरणात ६४०३.२० असा स्वतंत्र क्रमांक पूर्वीपासून आहे. सुभाषनगरातल्या किती कारागिरांना तो कोणी सांगितला असेल, हा भाग वेगळा.

आता त्या तक्त्याकडे परत येऊ. तो आला तो 'सीबॅम' नावाच्या व्यवस्थेमुळे, ज्याला मराठीत कार्बन सीमा शुल्क म्हणता येईल. युरोपातल्या पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनिअम अशा कारखान्यांना कार्बन सोडण्याबद्दल परवाने घ्यावे लागतात आणि या परवान्यांचा भाव गेल्या काही वर्षांत टनाला साधारण ५० ते १०० युरोंच्या दरम्यान हलत राहिला आहे. बाहेरून येणाऱ्या मालाला हा खर्च नसतो, म्हणून तेवढाच भार त्यावर सीमेवर टाकायचा, अशी ही कल्पना आहे. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यावी लागत होती. १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा हिशेब सुरू झाला आहे. युरोप आपल्या कारखान्यांना फुकट मिळणारे परवाने २०३४ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करणार आहे आणि ते जसे कमी होतील तसा आयातीवरचा भार चढत जाईल. सुरुवातीची वर्षे सौम्य आहेत, २०३० च्या सुमारास चटका बसेल. पैसे भरायचे ते तिथल्या आयातदाराने. पण तो ते आपल्या दरातून कापून घेणार नाही असे मानण्याइतका भोळा पुरवठादार शिरोलीत नसावा.

मुक्त व्यापार कराराने हा भार जात नाही, कारण युरोपच्या लेखी तो शुल्क नसून पर्यावरणाचा नियम आहे. भारताने त्यावर जोरदार आक्षेप घेतला. शतकभर कोळसा जाळून श्रीमंत झालेल्यांनी आता आपल्याला मोजमाप शिकवावे हे खटकण्यासारखे आहेच. सूट मात्र मिळाली नाही.

कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्याने आपला माल यादीत आहे का, हे आधी पाहावे. बीडाचे पाइप, पाइपचे जोड, नट-बोल्ट यादीत आहेत. मशीन शॉपमधून तयार होऊन इंजिनाचा किंवा वाहनाचा सुटा भाग म्हणून सीमाशुल्क वर्गीकरणाच्या ८४ किंवा ८७ व्या प्रकरणाखाली जाणारा माल आज यादीत नाही, पण पोलादाचा वापर जास्त असलेल्या आणखी अनेक तयार वस्तू तीत आणण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये मांडला आहे. ज्या आयातदाराचा यादीतला माल वर्षाला ५० टनांच्या आत आहे त्याला यातून सूट आहे. लोखंड-पोलादाच्या बाबतीत सध्या भट्टीतून थेट निघणारे उत्सर्जन धरले जाते, विजेमागचे धरले जात नाही. म्हणून कोकवर चालणारा क्युपोला आणि विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी यांचे आकडे वेगळे येतात. पिग आयर्न त्याच्या मूळ कारखान्यातला धूर आपल्या हिशेबात घेऊन येते, भंगार मात्र शून्यावर धरले जाते. आकडे दिलेच नाहीत तर युरोप आपल्या ठरावीक दराने, म्हणजे चढ्या अंदाजाने, मोजतो.

त्या तक्त्यातले कोकचे आणि भट्टीचे रकाने मालकांनी पावत्या काढून दोन दिवसांत भरले. पिग आयर्नच्या पुरवठादाराला उत्सर्जनाचा दाखला मागितला, तेव्हा असले काही असते हे त्याला त्या फोनवरच पहिल्यांदा कळले. भंगार उद्यमनगरातल्याच तिघाचौघांकडून येते आणि त्यातले दोघे अजून वहीच्या पानावर हिशेब लिहून देतात. तो रकाना, मी निघालो तेव्हा, कोराच होता.